वऱ्हाडातून विलायतेकडे

1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यापासून 1903 साली तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला जाईपर्यंतच्या अर्धशतकात या काळ्या मातीच्या मुलखाला आगगाडी मिळाली, रुईचे बाजार मिळाले, तहसिली आणि दिवाणी कचेऱ्या मिळाल्या. महाविद्यालय मात्र मिळाले नाही. अमरावती वा अकोल्याच्या हुशार मुलाला मॅट्रिकच्या पुढे शिकायचे झाले तर त्याने नागपूर गाठावे, नाहीतर पुण्यामुंबईची वाट धरावी, असाच शिरस्ता होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते याच शिरस्त्याने. तेव्हा घर सोडल्याशिवाय विद्या मिळत नाही हा अनुभव वऱ्हाडी मनाला विलायतेच्या कितीतरी आधीपासून परिचित होता, आणि समुद्रापलीकडचा प्रवास हा त्याच वाटेचा लांबलेला टप्पा होता.

या भागातील नामांकित पुरुष प्रथम विलायतेला गेले ते मात्र राजकारणासाठी. 1890 साली काँग्रेसच्या शिष्टमंडळातून अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर इंग्लंडला गेले. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्यासाठी खापर्डे लंडनला गेले आणि 1910 पर्यंत तेथे राहिले. समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, याचा वाद महाराष्ट्रात पेटला होता, असा तो काळ होता. विद्यार्थ्यांची पावले त्यांच्या मागोमाग वळली, आणि त्याची कारणे सरळ होती. बॅरिस्टरीची सनद लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्येच मिळे, आणि सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा 1922 पर्यंत केवळ लंडनलाच होई. 1886 पासून हिंदुस्थान सरकारच्या आणि 1892 पासून जमशेटजी टाटांच्या निधीच्या मदतीचा आधार होता. पण तो मूठभरांपुरता. उरलेल्यांना खर्च घरूनच उभा करावा लागे.

वऱ्हाडात घर म्हणजे शेत, आणि शेत म्हणजे कापूस. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या वर्षांत कापसाचे भाव चढले, 1867 मध्ये भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रूळ पोहोचले, आणि येथली रुई मुंबईच्या बंदरातून विलायतेच्या गिरण्यांकडे वाहू लागली. ज्या मार्गाने गाठी गेल्या त्याच मार्गाने पुढे त्या कास्तकारांची मुले गेली, आणि ज्या शेताने गाठी दिल्या तेच शेत सावकाराच्या वहीत तारण म्हणून चढले. भाव चढला की कर्ज फिटे, भाव पडला की शेत जाई. ही वस्तुस्थिती नजरेआड करून वऱ्हाडातील परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिता येणार नाही.

या मुलांना वाट दाखवणारे कोण होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1905 साली श्यामजी कृष्ण वर्मांनी लंडनमध्ये ‘इंडिया हाउस’ हे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले, दुसऱ्याच वर्षी सावरकर तेथे राहावयास गेले, आणि हिंदी विद्यार्थी हा इंग्रज सरकारच्या काळजीचा विषय होऊन बसला. 1907 साली सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली या विद्यार्थ्यांच्या चौकशीसाठी समिती बसली. 1909 साली लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती-कार्यालय निघाले आणि अलीगढ व लाहोर येथे अध्यापन केलेले टॉमस आर्नोल्ड हे विद्वान त्याचे शैक्षणिक सल्लागार झाले. इकडे प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. त्याच वर्षी 1 जुलैला मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीतील अधिकारी कर्झन वायली याचा वध केला, आणि सल्ला व पाळत यांतील आधीच पुसट असलेली सीमारेषा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पुरती नाहीशी झाली. आर्नोल्ड स्वतः सज्जन आणि व्यासंगी गृहस्थ होते. तथापि ज्या खात्याचा पगार घेऊन ते सल्ला देत होते, त्या खात्याचे हित विद्यार्थ्याच्या हिताशी जुळत नव्हते, आणि मुलांनी ते बरोबर ओळखले होते. 1921-22 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या समितीने चौकशी केली तेव्हा हा अविश्वास तिच्या अहवालात नोंदला गेला.

हा अविश्वास ताजा असतानाच, 1920 साली, अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला निघाला. पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा. चांदूर, कारंजा, अमरावती आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झालेला, आणि पुढच्या खर्चासाठी वडिलांनी शेतीच्या जिवावर कर्ज उभे केलेले. बॅरिस्टर होऊन लवकर परत यावे आणि वकिलीच्या मिळकतीने कर्ज फेडावे, असाच सल्ला कोणत्याही व्यवहारी माणसाने त्या मुलाला दिला असता. पंजाबरावांनी बॅरिस्टरी केली खरी. परंतु एडिंबरोमध्ये, जेथे आर्थर बेरिडेल कीथ संस्कृतचे प्राध्यापक होते, ते संस्कृत घेऊन एम. ए. झाले, आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमविकासावर मिळवली. तो प्रबंध 1933 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या समाजाला वेदाधिकार नाकारला गेला होता, त्या समाजातील कुणब्याच्या मुलाने वेदांवरचा अधिकार परदेशी विद्यापीठाकडून सिद्ध करून आणावा, या घटनेचे मोल पैशात करता येणार नाही.

1926 साली परत आल्यावर त्यांनी जे केले ते या इतिहासाचे सर्वांत भरीव पान आहे. अमरावतीत बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृह, जिल्हा कौन्सिलाच्या अध्यक्षपदी असताना अस्पृश्यांना खुल्या केलेल्या सार्वजनिक विहिरी, 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था. आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिपदावर असताना त्यांनी धसास लावलेला शेतकऱ्यांच्या कर्जाच्या लवादाचा प्रश्न. कर्ज काढून शिकलेला माणूस कर्जाच्या प्रश्नाकडे वळला, यात मला योगायोग दिसत नाही. पुढे 1952 पासून दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते, आणि 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव लाभले.

1923 साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज आणि नागपुरास विद्यापीठ निघाल्यावर पदवीसाठी परमुलूख गाठण्याची सक्ती संपली. परदेशी जाऊन आलेल्यांचे आणखी एक उदाहरण मात्र सांगितलेच पाहिजे. 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि 1949 मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही गेले. ती मुले एकेकटी गेली नाहीत. त्यांच्यामागे संस्था होती, बरोबर शिक्षक होते, आणि परत आल्यावर शिकलेले शिकवण्यासाठी आखाडा होता.

आज अमरावती-अकोल्यातील मुलगा वा मुलगी एम. एस. साठी निघते तेव्हा तिच्यामागे बहुधा बँकेचे कर्ज आणि सातबारा असतो, आणि पुढे कन्सल्टन्सीचे दुकान. अनेक परदेशी विद्यापीठे असा प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाला विद्यार्थ्याच्या शुल्कातून कमिशन देतात. म्हणजे सल्ला विद्यार्थ्याला आणि बांधिलकी दुसऱ्याशी, ही 1909 ची रचना नव्या वेषात कायम आहे. 2023 साली पंजाबातील विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रे कॅनडात उघडकीस आली, ती याच व्यवस्थेतून. त्यात सरकारांचे धोरण वर्षावर्षाला बदलते: जानेवारी 2024 मध्ये कॅनडाने विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली, त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर नेण्यास मनाई केली, आणि मे 2025 मध्ये अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. कापसाच्या हंगामावर हप्त्यांचा हिशेब मांडणाऱ्या बापाला हे कोणी आधी समजावून सांगत नाही. 2003 पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही थोर योजना आहे. पण तिच्या जागा 75 आणि अर्ज भरण्याची वाट अशी, की खेड्यातल्या मुलाला सोबतीशिवाय ती चालता येत नाही. ती सोबत करण्याचे काम 2017 पासून यवतमाळहून सुरू झालेल्या एकलव्य संस्थेने अंगावर घेतले. लोणार तालुक्यातील शेतकरी कुटुंबातून येऊन पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले राजू केंद्रे तिचे संस्थापक आहेत, आणि ज्याने वाट तुडवली त्यानेच मागून येणाऱ्यांना ती दाखवावी, ही पंजाबरावांचीच रीत त्यांनी चालवली आहे.

परंतु एका संस्थेच्या खांद्यावर सारा मुलूख टाकणे अन्यायाचे आहे. अमरावतीचे संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आणि अकोल्याचे पंजाबरावांच्या नावाचे विद्यापीठ, या दोघांनी विद्यापीठाच्या पगारावर नेमलेला, कोणाचेही कमिशन न घेणारा, कर्ज, व्हिसा आणि शिष्यवृत्ती या तिन्हींची खरी माहिती मराठीतून पालकांसह विद्यार्थ्यांना देणारा एकेक सल्लागार तातडीने नेमावा; आणि वऱ्हाडातून परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने वर्षातले चार दिवस त्याच्या कचेरीत बसून यावे.