चारशे पंधराचा घाट

चिपळूणच्या पत्त्याखाली ४१५६०५ लिहितात, साताऱ्याच्या पत्त्याखाली ४१५००१. एक गाव कोकणात वाशिष्ठीकाठी, दुसरं देशावर, आणि मध्ये सह्याद्री उभा. तरी दोघांचे पहिले तीन आकडे एकच. सावंतवाडीचंही तसंच. जिल्हा सिंधुदुर्ग, पण सुरुवातीचे आकडे कोल्हापूरचे, ४१६. नकाशावर रेघा मारून पिनकोड ठरला असता तर कोकणचा सलग एक पट्टा झाला असता. तो ठरला टपाल निवडणाऱ्या माणसाच्या टेबलावर.

त्या टेबलावरचं काम सोपं करण्याची खटपट फार जुनी आहे. पूर्वी टपालहशील अंतरावर ठरे. पत्र किती लांब जाणार हे पाहूनच पैसे सांगावे लागत. १८५४च्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा ठरवून टाकला. कुणी नवं यंत्र आणलं नाही, जास्त माणसं नेमली नाहीत, तरी खिडकीवरचं एक अख्खं काम नाहीसं झालं. मग १८६०च्या दशकात अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीतच पत्रं निवडायला सुरुवात झाली, म्हणजे प्रवासाचा वेळही कामी आला. आरएमएसची, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसची, मुळं तिथली.

पत्र लिहिणाऱ्यांनीही आपल्या परीने सोय केली होती. ‘मु. पो.’ ही आपली जुनी खूण घ्या. गावात पोस्ट असेल तर मुक्काम आणि पोस्ट एकत्र. नसेल तर मु. एक गाव, पो. दुसरं, मग ता., मग जि. पत्र कुठल्या हातातून कुठल्या हातात जाईल त्याचा हा उलटा क्रम आहे. मला तो पिनकोडचा खरा पूर्वज वाटतो. पण त्यात एक मोठी अडचण होती. निवडणाऱ्याला सगळा पत्ता वाचावा लागे, आणि वाचून उमजावंही लागे. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ, पेठ वडगाव. शिवाय नुसतं वडगाव लिहून मोकळे होणारे लोक. औरंगाबाद आपल्याकडे होतं आणि बिहारातही आहे. अक्षर गिचमिड, लिपी दहा-बारा. कुठलं गाव कुठल्या पोस्टाखाली आणि त्याची पिशवी कुठल्या गाडीने जाते, हे सॉर्टरला पाठ असावं लागे. वर्षानुवर्षं कमावलेलं हे ज्ञान त्याच्याबरोबरच निवृत्त होई.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेल्या पिनकोडने हे ज्ञान पाकिटावर आणून ठेवलं. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे मराठी अधिकारी संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहीत. आकड्यांनी टपाल वाटणं तोवर जगाला नवीन नव्हतं. जर्मनीत १९४१ मध्ये आणि अमेरिकेत १९६३ मध्ये ते सुरू झालं होतं. इथे मात्र प्रश्न अनेक लिप्यांचा होता, आणि सहा आकडे कुठल्याही लिपीच्या माणसाला वाचता येत होते.

त्या आकड्यांची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. पहिला आकडा विभागाचा: आठ भूभागांचे आठ, नववा सैन्याच्या टपालाचा. पहिल्या दोनांनी उपविभाग, तिसऱ्याने वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटच्या तीनांनी नेमकं वाटपाचं पोस्ट. पाटण्यात पत्र निवडणाऱ्याला ४ दिसला की ते पश्चिमेकडच्या खणात टाकता येतं. चिपळूण कुठे आहे हे त्याला माहीत नसलं तरी चालतं. ते पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने पाहायचं. जो तो आपल्या कामापुरताच पत्ता वाचतो. कचेऱ्यांतली किती कामं केवळ प्रत्येकाने सगळं वाचायचं या हट्टापायी रखडतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या वाटणीची किंमत कळेल.

आता पुन्हा ४१५कडे. हा जिल्हा महसुली नव्हे, वर्गीकरणाचा. १९७२ साली रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. रेल्वेने येणारं टपाल देशावर उतरायचं आणि मोटारीने घाट उतरून खाली यायचं. त्या आकड्यांत मला तो जुना घाटरस्ता दिसतो. गोव्याचं ४०३ही असंच. राज्यकारभार वेगळा, पण टपालाचं सर्कल महाराष्ट्राचं, म्हणून मुंबईच्या ४००च्या रांगेत पणजीही बसली.

शहरांत तर जुनं मोडलंही नाही. मुंबई २८ म्हणजे दादर, ते झालं ४०००२८. गिरगावचं ४ झालं ४००००४. पुणे ३०चं ४११०३०. लोकांना तोंडपाठ असलेला आकडा शेवटी तसाच ठेवला आणि नवं त्याच्या पुढे जोडलं. नवी पद्धत आणताना जुन्या सवयीला दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

पोस्टकार्डांवर, आंतर्देशीय पत्रांवर सहा चौकटी छापल्या गेल्या. पत्रं वाचून निवडणारी यंत्रं मुंबईत आली ती १९९०च्या दशकात, म्हणजे जवळजवळ दोन दशकं हे सगळं माणसाच्या डोळ्यांवर आणि लाकडी खणांवर चाललं. यंत्र आलं तेव्हा काम त्याला समजेल इतकं सोपं आधीच झालेलं होतं. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला; दहा अक्षर-आकड्यांत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. तो जागा दाखवतो, पिनकोड पोस्ट दाखवतो. दोघांची कामं निराळी.

पिनकोडचा सहावा आकडा पोस्टाच्या दारात संपतो. आत टेबलावर पोस्टमन आपल्या बीटची पत्रं पुढ्यात घेतो आणि चालण्याच्या क्रमाने लावतो: आधी वाडा, मग त्यामागची चाळ, मग कोपऱ्यावरचं दुकान, जिन्याच्या डावीकडचे आजोबा. हा क्रम अजून त्याच्याच डोक्यात असतो.