मिटल्या डोळ्यांतील पट

उतरत्या उन्हात एस. टी.च्या खिडकीशी बसून झाडीच्या रस्त्याने आपण कधीतरी गेला असालच. झाड सरले की ऊन, ऊन सरले की झाड! अशा वेळी डोळे मिटले तर पापण्यांआड कधी कधी रंगीत चौकटी, चक्रे, नागमोडी रेघा नाचू लागतात. बाहेर तर यांतले काहीच नसते. मग हे आले कुठून?

हा प्रश्न नेटाने हाती घेतला तो बोहेमियातील यान पुर्किन्ये याने. डोळे मिटून तो उन्हाकडे तोंड करी आणि बोटे फाकवून हात डोळ्यांपुढून हलवी. त्याला बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले. ही करणी भुताची नव्हे, आपल्याच दृष्टीची, हे ओळखून त्याने त्या आकृत्या काढल्या व १८१९ साली प्रसिद्ध केल्या.

पुढचे पाऊल पडायला शंभरावर वर्षे लागली. १९२९ साली जर्मनीच्या हान्स बेर्गरने मेंदूतील विजेच्या लहरींची नोंद जगापुढे मांडली. डोळे मिटून स्वस्थ बसले की त्या सेकंदाला सुमारे दहा वेळा उठतात. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी दाखवले, की लुकलुकता दिवा समोर धरला तर या लहरी दिव्याचा ठेका धरतात. ढोलकीमागे पाय पडावेत, तसेच! पुढे ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टरने विजेच्या झोतांनी हेच तपासले. झोत पांढरा, पण लोकांना दिसत रंग आणि फिरती चक्रे.

आता हे आकार असेच का? डोळ्यातील चित्र मेंदूवर उमटते, पण जसेच्या तसे नव्हे. मधला भाग ताणला जातो, कडेचा आक्रसतो. त्यामुळे मेंदूत सरळ पट्टे उठले तरी आपल्याला मात्र वर्तुळे आणि मळसूत्रे दिसतात. हे गणित १९७९ साली एर्मेनट्राउट व कोवान यांनी मांडले.

पण ही नुसती गंमत नव्हे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील एका मुलांच्या चित्रकथेत तांबडा-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला. सहाशेंहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. कित्येकांना आकडी आली होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, लखलखत्या दिव्यापुढे एखादे मूल बावरले, तर नुसते डोळे मिटून भागत नाही. पापणीतून उजेड आत जातोच. तळहाताने त्याचा एक डोळा पुरता झाका व त्याला तेथून दूर न्या. आकडी आलीच तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालणेही नको. त्याला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक डॉक्टरांकडे न्या. आणि मूल शुद्धीवर आले की वर्गाला एवढे सांगा: याच्या अंगात काही आले नव्हते. मेंदूने उजेडाचा ठेका जरा जास्तच धरला होता, इतकेच.