बारडोलीचा अवेळी पाऊस

बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह आठवतो. तिथला अवेळी पाऊस कोण आठवणार?

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकांत पाणी घुसवले आणि ते सुरतेकडे वळले. ५ डिसेंबरच्या रात्री किनारा गाठता गाठता ते विरले. पाऊस मात्र पडलाच.

बारडोलीत ते दिवस ऊसतोडीचे. खानदेशातून आलेले तोडकरी उघड्या रानात पाले ठोकून राहतात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी त्यांचे हाल सत्तरच्या दशकातच लिहून ठेवले. मजुरी टनावर; चिखलात गाडी रुतली की तोड बंद, मजुरीही बंद.

वादळाचा वेग वेधशाळा मोजते. पालातल्या विझलेल्या चुली कोण मोजतो?