अंगणातली शाळा आणि घरची खेळणी

आज आपण अंगणवाडीविषयी बोलू या, पण खाऊ आणि वजनकाट्याविषयी नाही. अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की तो सरकारनंच काढला असेल असं वाटतं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. त्याच्या कितीतरी वर्षं आधी आपल्याच महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात, खऱ्याखुऱ्या अंगणात ही शाळा भरली होती. भरवली दोघी बायांनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या काळात बी.ए. झालेल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. दोघांवरही प्रभाव होता इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंचा. माँटेसरीबाईंचं म्हणणं असं, की लहान मूल हातानं शिकतं. जाड-बारीक, लांब-आखूड, खरखरीत-गुळगुळीत हे त्याला सांगून कळत नाही, हाताळून कळतं. त्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, दट्ट्या, पेट्या असं नेमक्या मापाचं साहित्य केलं होतं. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिली शाळा काढली तीही गरिबांच्या वस्तीत. पण आपल्याकडे येईपर्यंत ते साहित्य महाग झालं आणि बालशिक्षण म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांची चैन होऊन बसली.

ताराबाईंना हे खटकलं. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या शहर सोडून बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. तरीही शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या, आणि बोर्डीला आल्या त्या या कामातच राहिल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. येणार कशी? आई-बाप मजुरीला, आणि पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंडं. तेव्हा या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. मुलं येत नाहीत ना, मग बालवाडीच वस्तीत न्यायची! मुलांना धुवायचं, केस विंचरायचे, आणि अंगणातच खेळ मांडायचा. तीच अंगणवाडी.

आता खेळ मांडायचा तर साहित्य हवं. विकतचं परवडणारं नव्हतं आणि ते वस्तीत शोभलंही नसतं. मग आजूबाजूला होतं तेच उचललं. शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, माती. माँटेसरीबाईंची पेटी बाजूला ठेवली, पण तिच्यातला विचार सोडला नाही. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हल्ली ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धा होतात, वस्तू सुंदर होतात आणि काचेच्या कपाटात जाऊन बसतात. मुलांनी हात लावला की आपणच ओरडतो. ताराबाईंच्या अंगणातल्या वस्तू हात लावण्यासाठीच होत्या.

हे आपल्या घरात कसं करता येईल? सहा रिकाम्या काडेपेट्या घ्या. दोनांत तांदूळ, दोनांत चिंचोके, दोनांत बारीक वाळू भरा आणि कागद चिकटवून बंद करा. मुलानं कानाशी हलवून जोड्या लावायच्या. जुन्या कापडाचे तुकडे कापा, प्रत्येकाचे दोन-दोन, सुती, रेशमी, गोणपाट, लोकर. डोळे मिटून जोड्या जुळवायच्या. ज्वारीच्या ताटाची साल आणि आतला भेंड यांची बैलगाडी तर आपल्या आज्यांनाही यायची. घरात आजी असेल तर तिलाच शिकवू द्या. एक मात्र सांभाळा. गुंजा दिसायला लालचुटूक असतात, पण विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. या दोन्ही मुलांच्या हाती द्यायच्या नाहीत. आणि अगदी तान्ह्यापुढे कोणतीच बी नको, ती घशात अडकते.

पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये. तिथली मुलं गुरं राखायला जायची. मग शाळा कुरणात गेली, तिचं नावच कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. आपला शब्द देशभर गावोगाव पोहोचलेला त्यांना बघायला मिळाला नाही. अनुताईंनी तो बघितला. १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत, त्या कोसबाडलाच होत्या.

शब्द पोहोचला, पण त्याच्यासोबतचं अंगण सगळीकडे पोहोचलं नाही. आपल्या सेविकाताईंचा अर्धा दिवस नोंदी भरण्यात जातो. यात त्यांची चूक नाही, कामच तेवढं लादलंय. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांचं चाक तुटलं की ते जोडताही येत नाही. शिंपला हरवला तर दुसरा मिळतो. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, महिन्यातून एक दुपार अंगणवाडीत बसून ताईंच्या मदतीनं मुलांसाठी वस्तू करायच्या. वस्तू करताना मुलं जवळ हवीत, माती त्यांनीही मळायची. तुमच्या गटाला जमणार असेल, तर येत्या बैठकीला प्रत्येकीनं दोन रिकाम्या काडेपेट्या आणि ओंजळभर चिंचोके घेऊन या.