फुल फ्रेम म्हणजे मुळात छोटी फ्रेमच!

मंडळी, ४ वर्षं वापरलेला निकॉन डी८५० मागच्या महिन्यात विकून टाकला. बॉडी १ किलो, वर २४-७० लेन्स ९०० ग्रॅम. त्याच्या जागी आलाय फुजीफिल्मचा एक्स१००व्ही, अर्ध्या किलोच्या आतला. ऑफिसातले फोटोवाले मित्र म्हणाले, "अरे, फुल फ्रेम सोडून खाली कशाला उतरतोस?" म्हटलं, बघूया तरी हे 'खाली' कुठून आलं ते.

आमचं वसमत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. (हिंगोली जिल्हा १९९९ चा, त्याआधी आम्ही परभणीवाले.) सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. गंमत म्हणजे हा माणूसही इंजिनिअर! रुरकीला शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात चिकटला आणि १८७४ च्या सुमारास हौस म्हणून फोटो काढायला लागला. त्याच्याकडे लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा. त्या काळी निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून प्रिंट काढायचे, म्हणजे जेवढी प्लेट तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा? मग कॅमेराच मोठा घ्या! या हिशोबात छोट्या कॅमेऱ्याला काही अर्थच नव्हता.

हा हिशोब मोडला जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाकनं. हा लाइट्झ कंपनीतला. त्याला दमा होता, प्लेट कॅमेरा घेऊन फिरणं जमेना. त्यानं सिनेमाची ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यात आडवी घातली, सिनेमाची फ्रेम दुप्पट केली. झाली २४ बाय ३६ मिमी. निगेटिव्ह लहान ठेवायची, फोटो नंतर मोठा करायचा. पहिला नमुना १९१४ च्या आसपास तयार होता, मध्ये महायुद्ध आलं, आणि लायका बाजारात आला १९२५ साली. आज आपण ज्याला भक्तिभावानं फुल फ्रेम म्हणतो, ती हीच २४ बाय ३६. दम्याच्या माणसानं वजन कमी करायला काढलेली फ्रेम :)

पण छोटंच भारी असं म्हणायला मी तयार नाही. १९४६ मध्ये पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइटनं गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढला, तो मोठा कॅमेरा आणि फ्लॅशबल्ब घेऊन. फक्त ३ बल्बची परवानगी, पहिले २ वाया गेले, तिसऱ्याला जमलं. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या काही तास आधी, कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन गांधीजींना भेटला. तरी लोकांच्या डोळ्यासमोर आजही येतो तो पुण्याचाच फोटो.

माझा प्रश्न मात्र साधा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे हळद शिजवतात. कढईजवळ मोठी लेन्स रोखली की बायका काम थांबवून पदर सावरायच्या, आजी तर पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ. यंदा छोटा कॅमेरा गळ्यात होता, कुणी ढुंकून बघितलं नाही. वाफ, हात, हसणं सगळं मिळालं.

झूम मात्र नाही. सिद्धेश्वर धरणावरचे पक्षी आता डोळ्यांनीच बघायचे.