घरगुती एस्प्रेसो यंत्राची निवड : दाबाच्या आकड्यापेक्षा दळण महत्त्वाचे

घरच्या वापरासाठी एस्प्रेसो यंत्र घेताना ग्राहकाची नजर प्रथम खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ या आकड्याकडे जाते. प्रत्यक्षात हा आकडा पंपाची कमाल क्षमता दर्शवतो. कॉफीचा दर्जा त्यावरून ठरत नाही. एस्प्रेसोसाठी सुमारे ९ बार दाब पुरेसा असतो. खरेदी सार्थकी लागते ती कॉफीचे दळण, पाण्याचे स्थिर तापमान, पाण्याची प्रत आणि दुरुस्तीची सोय या चार गोष्टींमुळे.

एस्प्रेसो म्हणजे काय?

बारीक दळलेल्या व दाबून बसवलेल्या कॉफीपुडीतून गरम पाणी दाबाने पाठवून काढलेला अर्क म्हणजे एस्प्रेसो. सर्वसाधारण प्रमाण असे : १८ ग्रॅम पूड, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि २५ ते ३० सेकंदांत मिळणारा सुमारे ३६ ग्रॅम अर्क.

मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या दाबावर चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजिया यांच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला व पेयावर सोनेरी साय दिसू लागली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई-६१’ यंत्रात विजेचा पंप आला. आजची बहुतेक घरगुती यंत्रे पंपाच्या याच तत्त्वावर चालतात.

भारतात लग्नसमारंभांत व रेल्वे स्थानकांवर वाफेने फेसाळलेल्या दुधाच्या कॉफीलाही ‘एस्प्रेसो’ म्हटले जाते. तीच चव अपेक्षित असेल, तर महागड्या पंपयंत्राची आवश्यकता नाही.

यंत्रांचे प्रकार

केवळ वाफेवर चालणारी यंत्रे स्वस्त असतात. मात्र त्यांचा दाब कमी असल्याने खरा एस्प्रेसो मिळत नाही. हाताच्या दांड्याची यंत्रे टिकाऊ असतात, पण सराव मागतात. एका बॉयलरच्या पंपयंत्रात कॉफी काढल्यावर दूध वाफवण्यासाठी तापमान वाढेपर्यंत थांबावे लागते. उष्णता-विनिमयक किंवा दोन बॉयलर असलेल्या यंत्रांत दोन्ही कामे एकाच वेळी होतात. त्यांची किंमत, आकार व वीजवापर अधिक असतो. स्वयंचलित यंत्रे बिया दळण्यापासून सर्व कामे करतात. परंतु त्यांची अंतर्गत स्वच्छता नियमित करावी लागते. कॅप्सूल यंत्र सर्वांत सोपे असले, तरी प्रत्येक कपाचा खर्च जास्त येतो आणि ग्राहक ठरावीक पद्धतीच्या कॅप्सूलशी बांधला जातो.

दळणाचे महत्त्व

एस्प्रेसोचे दळण किंचित जाड झाले, तर पाणी झरकन निघून जाते व पेय आंबट, पातळ लागते. फार बारीक झाल्यास ते कडवट होते. स्वयंपाकघरातील मिक्सरच्या पात्यांनी एकसारखी पूड मिळत नाही. त्यासाठी दोन चक्त्यांमध्ये बिया भरडणारा ग्राइंडर लागतो. म्हणून संपूर्ण रक्कम यंत्रावर खर्च न करता तिचा मोठा भाग ग्राइंडरसाठी राखून ठेवणे हिताचे ठरते. ग्राइंडर घेणे शक्य नसल्यास दुहेरी तळाची, दाब निर्माण करणारी गाळणी असलेले यंत्र पाहावे. त्यात तयार पूडही चालते. चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफीची पूड मात्र एस्प्रेसोसाठी योग्य नव्हे.

पाणी, वीज आणि दुरुस्ती

कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे बॉयलर व नळ्यांत क्षार साचतात आणि यंत्र निकामी होऊ शकते. याउलट, आरओ शुद्धीकरणातून आलेल्या अतिमृदू पाण्याने चव फिकी लागते. काही यंत्रांतील पातळीदर्शकालाही असे पाणी जाणवत नाही. मध्यम क्षारांचे पाणी वापरावे व पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षार काढत राहावेत.

भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र थेट जोडल्यास जळू शकते. सुमारे १,४०० वॉटपेक्षा अधिक क्षमतेच्या यंत्रासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आवश्यक असतो. रबरी कडी, गाळणी, पंप यांसारखे सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का, हमी काळात यंत्र कोठे पाठवावे लागेल, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.

कोणासाठी काय?

दिवसाला एक-दोन कप काळी कॉफी पिणाऱ्यांना एका बॉयलरचे यंत्र आणि चांगला ग्राइंडर पुरेसा आहे. कुटुंबात एकाच वेळी अनेकांना दुधाची कॉफी लागत असेल, तर दोन बॉयलरचा खर्च समर्थनीय ठरतो. सराव करण्यास वेळ नसणाऱ्यांनी स्वयंचलित यंत्राचा विचार करावा. आणि केवळ दाट, कडक कॉफी हवी असेल, तर गॅसवर चालणारे मोका पात्र अत्यल्प खर्चात ती गरज भागवते.