सेकंदाचा साठावा अंश

नागपूर जिल्ह्यातून 1862 साली वर्धा जिल्हा वेगळा निघाला, पालकवाडीच्या जागी 1866 साली वर्धा शहर वसविण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोचला. म्हणून मुंबईपासून सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर असूनही हा मुलूख दळणवळणाच्या दृष्टीने कधी आडवळणी राहिला नाही. प्रतिस्पर्धी दृष्टीआड असता त्याच्याशी द्वंद्व खेळण्याची जी विद्या गेल्या तीस वर्षांत जगभर रुजली, तिचा इतिहास वर्ध्यात बसून लिहिताना हे अंतर ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर 2' हा द्वंद्वाचा व्हिडिओ खेळ 1991 साली आला तेव्हा दोघेही खेळाडू एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. आपल्याकडील पार्लरांतही हाच रिवाज होता, आणि सरकारने त्या यंत्रांवर करमणूक शुल्क बसवून त्यांची यथोचित दखल घेतली. 1994 साली अमेरिकेत 'एक्सबँड' नावाच्या मोडेमने सेगाची, आणि पुढे निन्टेन्डोचीही, घरगुती यंत्रे टेलिफोनच्या तारेने जोडली. आपल्याकडे सामान्य नागरिकास इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून. पुढे 2002 साली 'एक्सबॉक्स लाइव्ह' आल्यावर कन्सोलवरील दूरस्थ सामना अमेरिकेत नित्याचा झाला.

परंतु या खेळांत सेकंदाला साठ चित्रे सरकतात आणि चपळ ठोसा अवघ्या चार चित्रांत लागतो. जुनी पद्धत अशी की, प्रतिपक्षाने दाबलेल्या बटणाची वर्दी येईपर्यंत आपलेही बटण अडवून धरायचे. परिणामी हात चाले, पण पडद्यावरील मल्ल सुस्त. या जाचाला कंटाळून प्रोग्रामर टोनी कॅनन यांनी 2006 साली 'जीजीपीओ' नावाचे सॉफ्टवेअर रचले. त्यात यंत्र वाट पाहत नाही. प्रतिस्पर्धी आधीचेच करीत राहील असे गृहीत धरून खेळ पुढे नेते, आणि खरी वर्दी निराळी निघाली तर काही चित्रे मागे जाऊन डाव नव्याने मांडते. 'रोलबॅक' म्हणतात ते हेच. बड्या कंपन्यांनी त्याची कदर करण्यास इतकी वर्षे लावली, हे मला आजही अनाकलनीय वाटते. 2020 च्या टाळेबंदीत स्पर्धांचे मेळावे बंद पडले तेव्हा कोठे रोलबॅकची मागणी अनिवार झाली, आणि 2023 चा 'स्ट्रीट फायटर 6' रोलबॅकसहच आला.

आता वर्ध्याचा हिशेब. काचतंतूतून प्रकाशाला मुंबई गाठण्यास चार सहस्रांश सेकंद पुरतात, म्हणजे एका चित्राचा पाव भागही नाही. खोळंबा अंतराचा नसून मधल्या ठाण्यांचा आहे. तहसिलीतून निघालेला अर्ज टेबलाटेबलांवर रेंगाळावा तसा. 2005 नंतर आलेले ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच येई. त्यातच घरातील वायफाय लहर लागेल तसे अडखळते, आणि रोलबॅकलाही नियमित विलंब सोसतो, लहरी विलंब सोसत नाही. म्हणूनच वसतिगृहातील खेळाडू कानाला हेडफोन लावून समोरच्याला प्रथम दरडावतो, "लॅग काहून मारून राह्यला बे, वायर लाव ना!" प्रतिस्पर्धी सिंगापूरचा असला तर मात्र वायर लावूनही एका दिशेने एकाहून अधिक चित्रे खर्ची पडतात, आणि ती वाचविण्याचा उपाय कोणत्याही कंपनीपाशी नाही.